दातांवरचे डाग आणि पिवळेपणा: सेफली घालवायचा कसा?

कपबशी
लोकहो, बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होते. माझ्या खालच्या समोरच्या दातांच्या फटींत आतल्या बाजूने तपकिरी रेघा आल्यात आणि वरचे दात एकूणातच पिवळट दिसतात. दोन्ही वेळा ब्रश करते, तंबाखू-सिगारेट काही नाही, चहा मात्र भरपूर (आयडीवरून कळलंच असेल). व्हाइटनिंग लिहिलेली पेस्ट अख्खी ट्यूब संपेपर्यंत वापरून झाली, ढिम्म फरक नाही. आता एकदा सर्च केलं तर जिकडे तिकडे पट्ट्या, पेनं आणि तोंडात धरायच्या निळ्या लाइटच्या जाहिराती नाचायला लागल्यात. मला विचारायचंय ते असं की हे खरंच सेफ असतं का, इनॅमल (दातावरचं कडक कवच) जातं म्हणतात त्यात तथ्य किती, आणि एकदा सुरू केलं की जन्मभर करत बसावं लागतं का? शिवाय वरच्या एका समोरच्या दाताला कॅप आहे, तिचं काय होतं? कुणी केलं असेल तर खरं खरं सांगा, जाहिराती नकोत.

खोडरबर
चहा सोडा. प्रतिसाद समाप्त.

कपबशी
@खोडरबर दात सोडेन, चहा नाही.

अर्धाकच्चा
इतका खर्च कशाला करताय? लिंबाचा रस आणि खायचा सोडा, चिमूटभर मीठ. बोटाने चोळायचं. माझ्या चुलतभावाचे दात पहिल्या दिवसापासून चकचकीत. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट शून्य.

शंकासुर
@अर्धाकच्चा, नैसर्गिक तर विंचूही असतो.

बाकी माझं मत विचाराल तर दात पांढरे असायलाच हवेत हे खूळ कुणी डोक्यात भरवलं तेच कळत नाही. दात पांढरे नसतातच मुळी. पडद्यावरच्या लोकांचे असतात ते व्हिनिअर, म्हणजे दातावर चिकटवलेले पातळ पांढरे पापुद्रे. तुम्ही त्यांच्याकडे बघून आपल्या चांगल्या धडधाकट दातांना नावं ठेवता.

हेमांगी_क
मी पट्ट्या वापरल्या आहेत त्यामुळे लिहिते. फरक पडतो, खोटं कशाला बोलू. पण दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. एक म्हणजे मधूनच दातातून जी कळ जाते ना, गार पाणी नाही, काही नाही, नुसतं बसल्या बसल्या सण्णकन, ती सहन करायची तयारी ठेवा, माझी पट्ट्या बंद केल्यावर थोड्याच दिवसांत गेली. दुसरं म्हणजे माझे दात थोडे एकावर एक चढलेले आहेत आणि पट्टी सपाट असते, ती खाचेत पोचतच नाही, त्यामुळे दाताचा पुढचा भाग उजळला आणि कडा होत्या तशाच राहिल्या. लांबून कळत नाही पण मला आरशात तेच दिसायचं.

दंतकथा
पेशाने डेंटिस्ट आहे त्यामुळे पुढचं सगळं धंदेवाईक समजायला माझी हरकत नाही :)

कपबशीताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत. फटीतल्या तपकिरी रेघा हा वरून बसलेला डाग. चहा, कॉफी, रेड वाइन यांतली टॅनिनं, तंबाखूतला डांबरट चिकटा, हे दातावरच्या पातळ थरात अडकतात, आणि खालच्या समोरच्या दातांच्या आत लाळेची ग्रंथी उघडते त्यामुळे तिथे टार्टर, म्हणजे दातावर साचून दगडासारखा झालेला थर, सगळ्यात आधी जमतो आणि डाग त्या टार्टरवर चढतो. तो कुठल्याही पेस्टने निघणार नाही, पट्टीनेही नाही. क्लीनिंगने निघेल, एका बैठकीत.

पिवळटपणा हा वेगळा मामला. इनॅमल वजनाने साधारण ९६ टक्के खनिज असतं आणि ते अर्धपारदर्शक असतं. त्याच्या खालचं डेंटिन मुळातच पिवळसर. म्हणजे दुधी काचेमागे पिवळी भिंत असावी तसं. वय वाढेल तशी काच झिजून पातळ होते, भिंत जास्त दिसायला लागते. आता ही काच घासून घासून आणखी पातळ केली तर काय होईल तुम्हीच सांगा. ब्लीचिंग म्हणजे घासणं नव्हे, पेरॉक्साइड इनॅमलमधून आत झिरपतं आणि आतले रंगीत रेणू तोडतं.

आणि तिसरा प्रकार म्हणजे आतूनच आलेला रंग. दात तयार होत असताना, म्हणजे गरोदरपणाच्या उत्तरार्धापासून मूल साधारण आठ वर्षांचं होईपर्यंत, टेट्रासायक्लिन गटातलं औषध पोटात गेलं तर राखाडी-तपकिरी पट्टे येतात. फ्लोराइड जास्त झालं तर खडूसारखे किंवा तपकिरी ठिपके. मार लागून दात आतून मेला तर तो एकटाच काळपट. यांत प्रत्येकाचा इलाज निराळा. म्हणून आधी डाग कुठे आहे ते बघायचं, कशाने घालवायचा ते नंतर. किट विकणारा हा प्रश्न विचारतच नाही.

@अर्धाकच्चा, लिंबाबद्दल सवडीने लिहितो, पेशंट आलाय.

खोडरबर
पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवलं नाही ना डॉक्टर? :D

मोघम
क्लीनिंग करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या साहेबांनी केलं आणि सगळे दात हलायला लागले. मध्ये फटी पडल्या. त्याआधी एकदम घट्ट होते.

नलूमावशी
अगदी हेच मी पण ऐकत आले आहे. मशीनने दात खरवडतात म्हणे. म्हणून मी आजवर गेले नाही. माझे दात या वयात स्वतःचे आहेत बरं का सगळे.

दंतकथा
@मोघम, @नलूमावशी, हा गैरसमज दिवसातून एकदा तरी ऐकतो. टार्टर वर्षानुवर्षं साचला की दातांच्या मध्ये सिमेंट भरल्यासारखा बसतो, त्याच्याखाली हिरडी आणि हाड हळूहळू सरकत खाली जातं. दात खरा तेव्हाच सैल झालेला असतो, टार्टरने तो नुसता धरून ठेवलेला. तो काढला की फट दिसते, जीभ सारखी तिथेच जाते, गार पाणी लागतं, आणि दोष क्लीनिंगच्या माथी. साहेबांचे दात 'घट्ट' नव्हते, ते अडकलेले होते. क्लीनिंगच्या अल्ट्रासॉनिक मशीनचं टोक कंप पावून टार्टरचा कपचा उडवतं, दात खरवडत नाही. मावशी, तुमचे सगळे दात शाबूत आहेत याचं कौतुकच आहे, पण एकदा दाखवून तरी या.

आता लिंबू. इनॅमलमधलं खनिज तोंडातली आम्लता साधारण ५.५ पीएचच्या खाली गेली की विरघळायला लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास. तो दातावर चोळला की वरचा थर मऊ पडतो आणि मग सोडा-मीठ त्या मऊ थरावर घासलं की तो निघून येतो. भावाचे दात पहिल्या दिवशी चकचकीत दिसले ते म्हणूनच. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, गेलेलं परत वाढत नाही. पुढे तो पिवळाच दिसतो, वर गार-गरम लागायला लागतं.

अर्धाकच्चा
बरं लिंबू राहू दे. पण मग नुसता सोडाही वाईट का? इथे सगळे सोड्याच्याच मागे लागलेत. सोडा तर रखरखीत असतो.

शंकासुर
अर्थातच वाईट. घासून काढणारी कुठलीही पावडर वाईट. कोळसा, सोडा, मीठ सगळं एकाच माळेचे मणी.

दंतकथा
इथे मी अर्धाकच्चा यांच्या बाजूने. सोडा दिसतो रखरखीत पण दातापेक्षा बराच मऊ असतो, शिवाय पाण्यात विरघळतो. पेस्ट किती घासते हे मोजायला आरडीए नावाचा आकडा असतो, त्यात एका ठरावीक पावडरला १०० धरतात आणि २५० ही आंतरराष्ट्रीय मानकातली वरची मर्यादा. नुसता खायचा सोडा त्यात ७ च्या आसपास येतो, म्हणजे बाजारातल्या बहुतेक पेस्टपेक्षा कमी. तर नुसता सोडा अधूनमधून चालेल, फक्त त्यात फ्लोराइड नसतं त्यामुळे पेस्टच्या ऐवजी नको. वरवरचे डाग थोडे निघतील, भिंतीचा रंग काही बदलणार नाही.

कोळशाबद्दल शंकासुर बरोबर आहेत. २०१७ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा आला होता, त्यात कोळशाची पेस्ट-पावडर सुरक्षित आहे किंवा उपयोगी आहे म्हणायला पुरेसा पुरावा नाही असाच निष्कर्ष होता. कण कसे दळलेत त्यावर घासणं अवलंबून, आणि बारीक चूर्ण फिलिंगच्या कडेला, दाताच्या चिरेत जाऊन बसतं. मग पांढरं व्हायला आलेला माणूस काळ्या रेघा घेऊन येतो.

खोडरबर
म्हणजे शंकासुर अर्धे बरोबर आणि अर्धाकच्चा अर्धे कच्चे. हिशोब जुळला.

रात्रपाळी
माझा अनुभव वेगळाच आहे. अक्कलदाढ काढल्यावर चूळ भरायला माउथवॉश दिला होता, क्लोरहेक्सिडिनचा. मी आपला इमानेइतबारे बाटली संपल्यावर दुसरी आणली, तिसरी आणली, छान वाटायचं तोंड. मग दातांवर तपकिरी झाक यायला लागली, जीभसुद्धा. मला वाटलं काहीतरी भयंकर रोग झाला. गुगल केलं तर रात्रभर झोप नाही (तशीही नसते). शेवटी कळलं की हा त्या औषधाचाच गुण आहे, जास्त दिवस वापरलं की डाग पडतात, चहा-कॉफी असेल तर आणखी. क्लीनिंगमध्ये सगळे निघाले. तर मंडळी, असला माउथवॉश सांगितलाय तेवढेच दिवस.

आईपण_चालू
धाग्यावरच विचारते, वेगळा काढत नाही. मुलगी सात वर्षांची आहे, दुधाचे दात पांढरेशुभ्र होते, आता समोरचे नवीन आलेत ते चक्क पिवळे दिसतात. सगळे विचारतात ब्रश करत नाही का ही. ब्रश मी स्वतः करून देते! नवऱ्याचं म्हणणं कमी गोड द्या.

दंतकथा
@आईपण_चालू, दात बहुधा एकदम नॉर्मल आहेत. दुधाचे दात मुळातच जास्त पांढरे असतात, कायमच्या दातात डेंटिन जास्त, म्हणून रंग गडद, आणि सध्या दोन्ही शेजारी शेजारी आहेत म्हणून फरक डोळ्यात भरतो. दुधाचे पडले की तुलना करायला कुणी उरत नाही. लहान मुलांना ब्लीच अजिबात नाही. युरोपियन युनियनमध्ये तर ०.१ टक्क्यापेक्षा जास्त पेरॉक्साइडचं व्हाइटनिंग १८ वर्षांखालच्यांसाठी वापरायलाच बंदी आहे, आणि मोठ्यांनाही ६ टक्क्यांपर्यंतचं मिळतं ते डेंटिस्टमार्फतच. (गोड कमी द्या हे मात्र बरोबर, कारण वेगळं असलं तरी.)

शंकासुर
हे पेरॉक्साइड म्हणजे जखमेवर फेस येतो तेच ना? मग घरातल्या बाटलीने चूळ भरली तर काय फरक? सगळा बाटलीवरच्या लेबलचा खेळ.

दंतकथा
रेणू तोच, पण पाण्यासारखं द्रावण तोंडात फिरवलं की दाताला जेमतेम मिनिटभर लागतं आणि लाळेतली एन्झाइम्स ते लगेच फोडून टाकतात. मिळतं काय तर चुरचुरणाऱ्या हिरड्या. जेल घट्ट असतं, ट्रेमध्ये (दातांवर बसणाऱ्या साच्यात) धरून ठेवलं की तासन्‌तास हळूहळू काम करतं. घरी वापरायच्या जेलमध्ये बहुतेकदा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं, १० टक्के कार्बामाइडमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. म्हणजे खोक्यांवरचे आकडे थेट ताडून बघू नका, आधी कुठलं पेरॉक्साइड ते वाचा.

जुनी_पानं
यात एक गंमत आहे. हे ट्रेवालं ब्लीचिंग कुणी ठरवून शोधलेलं नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीला एका ऑर्थोडॉन्टिस्टने (दात सरळ करणाऱ्या डेंटिस्टने) हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून ट्रेमध्ये घालून रात्री लावायला जे औषध दिलं त्यात कार्बामाइड पेरॉक्साइड होतं, हिरड्यांबरोबर दातही उजळले. पुढे १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोघांनी त्यावर लेख लिहिला तेव्हा जगाला कळलं.

अवांतर: फ्लोराइडच्या डागांची गोष्ट तर त्याहून भारी. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला तर तिथल्या लोकांचे दात तपकिरी. त्याने अख्खं आयुष्य या डागांमागे घातलं. डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते हेही त्याच्या लक्षात आलं. कारण सापडायला १९३१ उजाडलं, चर्चिल नावाच्या केमिस्टने पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं दाखवलं. आज आपण पेस्टमध्ये फ्लोराइड बघून घेतो त्याची सुरुवात एका डागापासून झाली.

खोडरबर
तो चर्चिल नव्हे ना? सिगारवाला? त्याचे दात बघण्यासारखे असतील.

जुनी_पानं
नाही हो, हा एच. व्ही. चर्चिल, अ‍ॅल्युमिनियमच्या कंपनीतला. सिगारवाल्याला कवळी होती.

सावकाश
डॉक्टर, वर तुम्ही मेलेल्या दाताचं लिहिलंत. शाळेत असताना चेंडू लागला होता, समोरचा एक दात हळूहळू करडा होत गेला. पुढे रूट कॅनालही झालं. एकाच दातासाठी अख्खं तोंड ब्लीच करायचं का? मी फोटोत तोंड मिटूनच हसतो, लोकांना वाटतं आखडू आहे.

दंतकथा
@सावकाश, गरज नाही. रूट कॅनाल झालेल्या दातात मागून छिद्र उघडून आत ब्लीचचं औषध भरतात, वर तात्पुरतं फिलिंग, तुम्ही घरी जाता, काही दिवसांनी बघून पुन्हा भरतात. रंग हवा तसा आला की कायमचं बंद. आधी मुळाच्या वरच्या तोंडाशी नीट सील लावावं लागतं, नाहीतर औषध खाली झिरपून मूळ झिजण्याचा धोका असतो, म्हणून हे करण्याआधी एक्स-रे हवाच. बाहेरून पट्ट्या लावत बसलात तर शेजारचे उजळतील आणि हा आणखी उठून दिसेल.

हेमांगी_क
निळ्या लाइटचं राहिलं. क्लिनिकमध्ये तासाभरात 'शेड्स' उजळवतात ते?

दंतकथा
क्लिनिकमध्ये जेल जास्त तीव्र असतं, हिरड्यांवर आवरण लावून वापरतात, काम त्याचं. लाइटमुळे नंतर टिकणाऱ्या रंगात फारशी भर पडत नाही, दात तापून कळ मात्र वाढू शकते. आणि तासभर तोंड उघडं ठेवल्यावर दात सुकतात, सुकलेला दात तसाच पांढरा दिसतो. लगेच काढलेला 'नंतरचा' फोटो म्हणून छान येतो, एक-दोन दिवसांत थोडं मागे येतं.

शंकासुर
हे मात्र पहिल्यांदाच कुणी डेंटिस्ट स्वतःहून बोलला. शंभर गुन्हे माफ.

कपबशी
अपडेट द्यायला आले. धागा वाचून आधी क्लीनिंग केलं. त्या रेघा पूर्ण गेल्या!! आतून जीभ फिरवली तर काचेसारखं गुळगुळीत, एक-दोन दिवस फट असल्यासारखं वाटत होतं (मोघम, तुमच्या साहेबांची आठवण झाली) मग सवय झाली. हिरडीतून थोडं रक्त आलं होतं पण थांबलं.

मग रंगाचं विचारलं तर त्यांनी शेड गाइड काढलं, दातांची एक पट्टीच असते ती, सोळा नकली दात काड्यांवर लावलेले. आधी लिपस्टिक पुसायला लावली, मोठा दिवा बंद केला, खिडकीशी नेलं आणि एकेक दात माझ्या दाताशेजारी धरून बघितला, मध्येच म्हणाले ओठ मिटा, दात ओले करा, मग पुन्हा. माझा आला ए-३. खरं सांगू का, मला वाटलं होतं पट्टीच्या बाहेरच निघेल. ते म्हणाले तुमच्या वयाला हा अगदी नेहमीचा रंग आहे, नको असेल तर करू नका. निम्मं समाधान तिथेच झालं.

पण कॅपचं त्यांनी सांगितलं ते असं की तिचा रंग ब्लीचने बदलत नाही, फिलिंगचाही नाही. माझी कॅप तशीही जुनी झालीय, हिरडीपाशी काळी कड दिसते, बदलायचीच आहे. म्हणजे आता ब्लीच केलं तर आधी ते, आणि नंतर नवीन कॅप, असंच ना?

दंतकथा
बरोबर, क्रम तोच. आधी ब्लीच, मग किमान दोन आठवडे थांबायचं, रंग स्थिरावतो आणि दातात उरलेला ऑक्सिजन निघून जातो, तो असताना चिकटवलेलं नीट धरत नाही. मग त्या रंगाला जुळणारी कॅप. उलट केलंत तर नव्या कॅपसकट पिवळ्या रंगाशी कायमची गाठ.

जन्मभर करावं लागतं का विचारलं होतंत. रंग हळूहळू परततो, माणसागणिक वर्ष-दोन वर्षं, चहावाल्यांचा लवकर. ट्रे जपून ठेवला तर मध्ये दोन-चार रात्री पुरतात. जेल दर दाताला अगदी थेंबभर, बाहेर आलेलं बोटाने पुसायचं, हिरडी पांढरी पडली तर त्या रात्री थांबायचं. कळ आली तर एक दिवसाआड करा आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट आधीपासून वापरा. कीड किंवा उघडी मुळं असतील तर ती आधी. आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी पुढे ढकलावं, घाई कसलीच नसते यात.

नलूमावशी
डॉक्टर, मी पुढच्या आठवड्यात नंबर लावलाय हो. पण सैल झाले तर इथेच येऊन लिहीन.

मोघम
मावशी, मी वाट बघतोय.

तारेवरची
उशिरा आले धाग्यावर. ब्रेसेस नुकत्याच निघाल्या, आणि जिथे चौकोन चिकटवले होते त्याच्या कडेने पांढरे खडूसारखे ठिपके राहिलेत. इथे सगळ्यांना पांढरं हवंय, मला पांढरं घालवायचंय. ब्लीच केलं तर एकसारखं होईल का?

दंतकथा
@तारेवरची, ब्रॅकेटभोवती (त्या चौकोनांभोवती) प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, राहून तिथलं खनिज कमी झालंय. ब्लीचने सुरुवातीला ते ठिपके आणखीच पांढरे दिसतात, घाबरायला होतं, नंतर बाकीचा दात उजळत त्यांच्या जवळ येतो आणि फरक कमी जाणवतो. पण लगेच काही करू नका. काही महिने फ्लोराइड आणि नीट ब्रशिंग, लाळेतून खनिज परत भरतं आणि बरेच ठिपके आपणहून फिके होतात. उरले तर पातळ रेझिन आत मुरवण्याची पद्धत आहे, ड्रिल लागत नाही, इंजेक्शन नाही.

तारेवरची
ड्रिल नाही म्हणालात तिथेच जिंकलंत. काही महिने थांबते.